आधी बाही वर कर

चेहऱ्यावरचे डाग दाखवायला आलेल्या माणसाला बाही वर करायला लावणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो एक मला पुरून उरला. अंधेरीला स्टेशनपासून थोडं आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत आते होती. मी खुर्चीत बसले, ओढणी बाजूला केली, गाल पुढे केले. डॉक्टरांनी गालांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "आधी बाही वर कर."

आते कणकवलीकडची. तिने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अगो, तोंड दाखवूक इलंव आणि हो दंड कित्याक बघता?" ती मला म्हणाली. आवाज खाली ठेवायची तिला सवय नव्हती.

"देवीची लस टोचलेली असेल ना, ती खूण बघायचीय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ती खूण खिडकीशी नेऊन पाहिली. आधी खोलीतला ट्यूबलाइट बंद केला, कारण ट्यूबलाइट खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं होतं. बोटाने खूण दाबली, पुन्हा दाबली. मग कानाची भोकं पाहिली, नाकाचं भोक पाहिलं, लहानपणी गुडघा फुटला होता तो पाहिला. सगळं झाल्यावर म्हणाले, "हं. बघू."

हे 'बघू' पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की कुणी साधं 'बघू या' म्हटलं तरी अजून माझ्या कपाळावर आठी येते.

मला घाई होती, आणि ती उगाच नव्हती. संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पुन्हा काही उघडली नाही. बाबा गोरेगावात एका स्टुडिओच्या फाटकावर उभे राहत होते आणि ते त्यांना मनापासून आवडत नव्हतं. मी बी.ए. झाले होते, टायपिंग येत होतं, इंग्रजी वाचता येत होतं आणि अडखळत बोलताही येत होतं. विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरसाठी मुली घेणार आहेत, असं ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं. तिथे वयाची अट होती आणि मी त्या अटीच्या अगदी काठावर होते, म्हणजे ही संधी गेली की गेलीच. "बाकी सगळं ठीक आहे," त्या बाई माझ्या गालांकडे बघत म्हणाल्या, "पण फेस क्लीन लागतो गं." मुरुमं कधीच गेली होती, पण जाताना दोन्ही गालांवर काळपट डाग ठेवून गेली होती. पीलिंग करतात, ॲसिड लावून वरची कातडी काढतात आणि खालून नवी येते, हे मला त्याच बाईंनी सांगितलं. मुलाखतीला तेव्हा बरेच महिने होते. मला वाटलं, भरपूर वेळ आहे.

या डॉक्टरांच्या हाती सापडलं की भरपूर वेळ असं काही राहत नाही, हे मला माहीत नव्हतं.

आता त्यांच्याबद्दल थोडं सांगते. पन्नाशीचे असतील. उंच, वाकलेले, गिरगावात वाढलेले, आणि बोलण्यात गिरगावचाच तोडून टाकणारा सूर. शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत बटण लावलेली आणि डावी कायम कोपराच्या वर दुमडलेली. कारण डाव्या हातावर त्यांचा नमुन्यांचा संग्रह होता. कुठलंही ॲसिड पेशंटला लावायच्या आधी ते ते स्वतःच्या हातावर लावून बघत. त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंत चौकोनच चौकोन, काही गोरे, काही तपकिरी, एक-दोन चक्क काळे. नवीन पेशंट आला की तो हात टेबलावर ठेवून ते समजावून सांगत. "हा चौकोन बघा, झकास आलाय. हा शेजारचा बघा, याची वाट लागली. ॲसिड तेच, हात तोच. फक्त या दुसऱ्या वेळी मी उन्हात हिंडलो." त्या हातापाशीच निम्मे पेशंट उठून जात.

ॲसिडला औषध म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "ॲसिड म्हण," ते मला ओरडायचे. "म्हणायची लाज वाटत असेल तर लावायचं कशाला?" आणि कुणी 'गोरं' हा शब्द काढला की संपलंच. एका आईने मुलीला पुढे ढकलत विचारलं, "किती गोरी होईल?" डॉक्टर म्हणाले, "जेवढी दंडाच्या आतल्या बाजूला आहे तेवढी. त्याच्यावर देवाने दिली नाही, मी कुठून आणू?" ती आई आमच्या पायऱ्या उतरून सरळ समोरच्या पार्लरमध्ये गेली. मी खिडकीतून पाहत होते.

'आमच्या' म्हणतेय, कारण तोवर मी तिथे नोकरीला लागले होते. तेही त्यांचंच डोकं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला एक मलम दिलं, ते महिनोन्‌महिने रात्री लावायचं, म्हणजे नंतर डाग उलटून जास्त काळे होत नाहीत. आणि ऊन संपूर्ण बंद. मी म्हटलं, डॉक्टर, मी दिवसभर नोकरी शोधत उन्हात फिरते, ऊन कसं बंद करू? ते बाहेरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे बस. सकाळी लवकर यायचं, संध्याकाळी ऊन उतरलं की जायचं. मधल्या वेळात लोकांची नावं घे." मुलीला सावलीत ठेवायचं म्हणून नोकरी देणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. घरी सांगितलं तर बाबांना वाटलं मी थट्टा करतेय.

जाता-येताना लावायला त्यांनी एक पांढरी पेस्ट करून दिली होती. ती मुरत नसे, नुसती बसून राहायची. आमच्या चाळीतली पोरं मला बघून म्हणायची, "काय गं, बॅटिंगला चाललीस?" वर काळी छत्री. डॉक्टर स्वतः बारा महिने छत्री घेऊन फिरत आणि रस्त्याची जी बाजू सावलीत असेल त्याच बाजूने चालत. सावली संपली की रस्ता ओलांडून पलीकडे, तिथली संपली की पुन्हा अलीकडे. त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत जायचं म्हणजे गाडीखाली यायची तयारी ठेवायची. ओळखीचा कुणी उन्हात उभा राहून हाक मारू लागला तर हे सावलीत उभे राहून त्यालाच बोलावणार.

त्यांचे प्रश्न तर विचारू नका. माणूस चेहरा घेऊन यायचा आणि त्याचा पंचनामा व्हायचा. ताप आला की ओठावर फोड येतात का? दिवस गेलेत का, जायचा विचार आहे का? गोळ्या कुठल्या घेता? भाजलं होतं कधी? ती जागा काळी राहिली की गोरी? ब्लीच करता? शेवटचं कधी केलं? थ्रेडिंग? दोऱ्याने ओठावरचे केस काढले असतील तर आठवडाभर तोंड दाखवू नका. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पुढे ते विचारायचे, "घरात कुणाची हळद आहे?"

यालाही कारण होतं. पार्ल्याच्या एका शाळेतल्या बाईंचं पीलिंग त्यांनी केलं तेव्हा मी शेजारी उभी होते. बाईंच्या गालांना आधी स्पिरिट, मग कापसाच्या काडीने ॲसिड. बाई डोळे घट्ट मिटून म्हणत होत्या, जळतंय, जळतंय, आणि मी वर्तमानपत्राने वारा घालत होते. बघता बघता गाल पांढरे झाले, साय धरल्यासारखे. मग ओल्या कपड्याच्या घड्या. सगळं उत्तम झालं. दोन-तीन दिवसांत कातडी तपकिरी झाली, कडा सुटायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना दहा वेळा बजावलं होतं. कातडी ओढायची नाही, साबण नाही, बेसन नाही, पावडर नाही, आपोआप गळेल तेवढीच गळू द्यायची. बाईंनी सगळं पाळलं. नेमकी तेव्हाच दिवाळी आली. पहाटे अभ्यंगाला सासूबाईंनी तेल लावलं आणि वर उटणं चोळलं, सणाच्या दिवशी लावतात तसं, हात राखून नव्हे. उटण्याला नाही म्हणायचं बाईंना सुचलंही नाही. साबण नको म्हणून सांगितलं होतं, आणि उटणं काही साबण नव्हतं.

बाई आल्या तेव्हा एक गाल लाल, ओला, सोलपटलेला. आता हे बाईंना फाडून खाणार असं मला वाटलं. पण डॉक्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी उटणं विचारलं नाही." ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. बाईंनाच त्यांची समजूत घालायची वेळ आली. गाल भरून यायला महिने लागले, आणि बाई येऊन गेल्या की संपूर्ण दिवस डॉक्टरांचं कशात लक्ष नसायचं.

त्यानंतर भिंतीवरच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर फुल्या पडायला लागल्या. दिवाळीच्या आधीचे आठवडे बाद, उटण्यामुळे. होळी-रंगपंचमी बाद. गणपती बाद, कारण मिरवणुकीत गुलाल. घरात लग्न असेल तर बाद, कारण हळद कुणाचीही असो, ती सगळ्यांच्या तोंडाला लागते. एप्रिल-मे तर कुणी नावच काढायचं नाही. वास्तुशांतीला जोडप्याने होमाशी बसायचं असेल तर तोही महिना बाद. एकदा मी वैतागून म्हटलं, "डॉक्टर, हिंदू माणसाने पीलिंग करायचं तरी कधी?" त्यांनी कॅलेंडरकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "जानेवारीत. संक्रांत सोडून." संक्रांत का सोडायची हे विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

इकडे समोरच्या पार्लरमध्ये फुल्या नव्हत्या, प्रश्न नव्हते, दंड नव्हता. बाहेर पाटी होती आणि आत मुलींची रांग. पार्लरवाली नीता माझ्याच वयाची, स्वभावाने चांगली. ती मला खाली रस्त्यात भेटली की म्हणायची, "तू तिथे काम करतेस आणि तुझेच डाग तसेच? ये ना यार, एका दिवसाचं काम आहे." ते वाक्य मी रोज घरी घेऊन जात होते.

एकदा तिच्याकडून एक कॉलेजची मुलगी सरळ आमच्याकडे आली, रुमालाने तोंड झाकून. ॲसिड जास्त वेळ राहिलं होतं. हनुवटीपासून कानापर्यंत करपट पट्टा पडला होता. डॉक्टरांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही की तिथे का गेलीस. गार पाण्याच्या घड्या घातल्या, मलम लावलं, आणि ती गेल्यावर छत्री उचलून तडक समोर गेले. मी घाबरून मागे धावले. म्हटलं, आता मारामारी होणार. पाहते तर नीता आणि तिच्या दोन्ही मुली बाह्या वर करून ओळीने उभ्या, आणि हे एकेकीचा दंड खिडकीशी नेऊन दाखवताहेत. "हिची खूण सपाट आहे, हिला चालेल. तुझी फुगलीय, तू कुणाला चेहऱ्याला हात लावू देऊ नकोस. कळलं? हे आधी बघायचं." नीता हो हो म्हणत होती. त्यांची पाठ वळल्यावर ती हसली. पुढे तिने दंड बघायला सुरुवात केली की नाही, मला माहीत नाही.

माझं प्रकरण तिथेच अडकलं होतं. मलम चालू होतं, पेस्ट चालू होती. त्यांनी माझ्या डाव्या कानामागे, केसांत झाकलं जाईल असं, ॲसिडचा एक ठिपका लावून ठेवला होता. चाचणी म्हणून. दर थोड्या दिवसांनी ते केस बाजूला करून बघत. आधी काही बोलत, मग काही बोलेनासे झाले. "काय डॉक्टर?" "हं. बघू." गणपती गेले, ती उटण्याची दिवाळी गेली. जानेवारी आला तेव्हा मी कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, थंडीत कातडी कोरडी असते, बघू. मुलाखतीची तारीख कळली. आता केलं तरच तोवर कातडी गळून चेहरा निवळणार होता, आणखी एक आठवडा गेला तर नाही.

त्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर मी नावं घ्यायच्या खुर्चीतून उठले आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, "करा."

ते हात पुसत होते. "बघू."

"बघू नाही. हो म्हणा किंवा नाही म्हणा. नाहीतर मी समोर जाते, नीता आत्ता करेल." आणि मी खरंच गेले असते. त्या करपलेल्या मुलीचे गाल मी डोळ्यांनी पाहिले होते, तरीही गेले असते. फाटकावर उभे राहणारे बाबा मला रोज दिसत होते.

डॉक्टरांनी हात पुसायचा रुमाल नीट घडी करून ठेवला. म्हणाले, "नाही."

इतक्या महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी दोन आरसे आणले, एक माझ्या हातात दिला आणि एक कानामागे धरला. ठिपक्याच्या जागी वाटाण्याएवढी गाठ होती, चकचकीत, तांबूस. तिला खाज यायची ती मी डास समजून खाजवत होते.

"ही वाढतेय अजून," ते म्हणाले. "हे गालावर आलं असतं. जिथे जिथे ॲसिड, तिथे तिथे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शंका पहिल्या दिवशी आली. तुझी दंडावरची खूण फुगलेली आहे. पण दंड फसवतो कधीकधी, बऱ्याच जणांना तिथे तसं येतं. म्हणून कानामागे लावून पाहिलं. दिवाळीपर्यंत खात्री झाली."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. "मग तेव्हाच नाही म्हणायला काय झालं होतं? मी छत्री घेऊन फिरले, तोंडाला चुना फासून फिरले. लोक हसले मला. दुसरं काहीतरी केलं असतं ना मी एवढ्या दिवसांत."

"काय केलं असतंस?" डॉक्टर म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं, तू खाली उतरून रस्ता ओलांडला असतास. मुलाखत होईपर्यंत तुला इथे बसवून ठेवायची होती."

मी रस्ता ओलांडलाच असता. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. या माणसाने मला विचारलं नव्हतं. माझ्या चेहऱ्याबद्दल महिनोन्‌महिने त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, आणि मी समोर बसून त्यांच्या पेशंटची नावं घेत होते. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." याच्यावर माणसाने काय भांडायचं?

मुलाखतीला मी पावडर लावून गेले. टेबलापलीकडे एक बाई आणि दोन पुरुष होते. त्यांनी इंग्रजीत एक घोषणा वाचायला दिली. दोनदा अडखळले, पण वाचली. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मला घेतलं नाही. डागांमुळे की इंग्रजीमुळे, ते कुणी सांगत नसतं. त्या वर्षी माझं वय अटीच्या पलीकडे गेलं आणि तो विषय संपला. बाबा ऐकून म्हणाले, "जाऊ दे," आणि चपला घालून फाटकावर गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले ती भांडायच्या तयारीने. डॉक्टर दारातच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं.

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

"हो, तुमच्यामुळे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझी समजूत घातली नाही, आपली बाजू सांगितली नाही. बाहेर लोक बसले होते. थोड्या वेळाने ते आत गेले आणि मी पहिलं नाव पुकारलं. पुढे कितीतरी वर्षं मी तिथेच होते. आमची रोज भांडणं होत, पण या गोष्टीवरून पुन्हा कधी झाली नाहीत.

डॉक्टर आता नाहीत. डाग वयाबरोबर पुष्कळ फिके पडले, काही आहेत. सकाळी तोंडाला क्रीम लावताना गालांवरून हात फिरवते, तो कुठेच अडत नाही. मग त्या माणसाचा मला पुन्हा राग येतो, कारण त्याच्यावर धड रागावायचीही सोय त्याने ठेवलेली नाही.